साळवे अण्णांची गप गाडी

साळवे अण्णांच्या शेजारी राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, यांच्याकडे लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. मधल्या भिंतीतून अण्णांचा आवाज स्पष्ट येत होता. "मामी, आज तुमी लई तापलाय. जरा वारं घ्या." मग थोडा वेळ शांतता. मग, "साडूभाऊ, तुमी नुसतं वढून घेता, देत काईच न्हाई. हे बरं न्हाई." मग आणखी मऊ आवाजात, "आन् जामखेडच्या आत्या, तुमी दोन घोट प्या बरं. तुमच्यावरच समदं हाय."

उलट उत्तर मात्र एकाही पाहुण्याचं येत नव्हतं. मी मनात म्हटलं, काय दरारा आहे या माणसाचा! घरभर पाहुणे आणि कुणाची चूं करायची टाप नाही.

दुपारी ओळख करून घ्यायला गेलो तर घरात अण्णा एकटेच. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्या खाली अण्णांच्या वारलेल्या बायकोचा, काकूंचा फोटो, आणि जिथे एखाद्याने दिवाण टाकला असता तिथे एका लांब फळीवर ट्रकच्या दहा बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या. अण्णा चहाच्या किटलीने त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजत होते. मला बघून म्हणाले, "या. पाव्हन्यांची वळख करून देतो." आणि त्यांनी खरोखरच करून दिली. मामी म्हणजे जी बॅटरी लवकर गरम होते ती. साडू कितीही चार्ज केला तरी संध्याकाळपर्यंत उतरलेला. आत्या सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भरवशाची. थोरल्या वहिनींची टोकं सारखी गंजायची, म्हणून त्यांना ग्रीस लावलेलं.

"खरे पाहुणे येतात का कधी?" मी विचारलं.

"हे हायेत की," अण्णा म्हणाले, आणि किटली साडूकडे वळवली.

मी मूळचा राजूरचा. पोस्टात कारकून म्हणून नगरला बदली झाली आणि सावेडीतल्या या दोन खोल्या मिळाल्या. अण्णा मला पहिल्या दिवसापासून 'पोस्टमास्तर' म्हणत. मी दोनतीनदा खुलासा केला, पण त्यांनी मला ती बढती दिली ती कायमचीच. स्वतः ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर वीज लोकांच्या घरी पोचवली, आता ती स्वतःच्या घरी साठवत होते, एवढाच काय तो फरक. संध्याकाळी मी कामावरून आलो की ओट्यावरून त्यांचा प्रश्न ठरलेला. "किती राह्यलंय?" म्हणजे माझ्यात चार्ज किती उरलाय. मी म्हणायचो, "थोडंच." की लगेच, "मंग बसा हितं. बसल्या जागी भरतं."

बॅटऱ्या कशासाठी, ते मला रविवारी कळलं. घराच्या बाजूला ताडपत्रीखाली एक पांढरी अँबॅसिडर होती. तिच्यातलं इंजिन अण्णांनी काढून भंगारवाल्याला दिलं होतं आणि भंगारवाल्याकडूनच कुठल्याशा कारखान्यातल्या सामान उचलायच्या गाडीची विजेवरची मोटर आणून तिथे बसवली होती. रविवारी सकाळी दहाही पाहुण्यांना उचलून गाडीत बसवायचं, चौघांना बॉनेटखाली आणि सहा जणांना डिकीत, हे काम माझ्या वाट्याला आलं. एकेक पाहुणा उचलताना माझी कंबर मोडायची. अण्णा शेजारी उभे राहून म्हणायचे, "हळू, आत्या हायेत."

गाडी चालायची मात्र झकास. चालायची म्हणजे, चालू आहे की बंद हेच कळायचं नाही. अण्णा तीन खटक्यांपैकी पहिला पुढे सारायचे, आतून 'टक्' असा आवाज व्हायचा आणि घरं मागे जायला लागायची, बस्स. रस्त्यातली माणसं, सायकली, म्हशी, कुणाला मागून काही येतंय याचा पत्ताच नसायचा. हॉर्न होता, पण तो वाजवणं अण्णांना पटत नसे. "एवढी गप गाडी केली ती भोंगा मारायला व्हय?" मग ते काच खाली करायचे, मान बाहेर काढायचे आणि खोकायचे. घसा खाकरून, पार शेवटापर्यंत. माणसं दचकून बाजूला व्हायची. "मानसाला मानूस कळतो," अण्णा म्हणायचे. म्हशींना कळायचा नाही. तिथे आम्ही थांबून राहायचो.

एकदा भरली की गाडी भिंगारच्या दोन खेपा करायची. तिसरीत साडू मान टाकायचा आणि उरलेला रस्ता मी ढकलायचो.

पेट्रोल आणि डिझेल या दोन्हींना अण्णांचा एकच शब्द होता, जाळपोळ. कुणी स्कूटरला किक मारली की म्हणायचे, "झाली जाळपोळ सुरू." एस.टी. म्हणजे सरकारी जाळपोळ. हा तिरस्कार तत्त्वाचा असावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. तो तत्त्वाचा नव्हता, घरचा होता, हे मला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं.

अण्णांना एक मुलगा होता, मिलिंद. त्याला विजेच्या खात्यात चिकटवायला अण्णांनी साहेबांचे उंबरे झिजवले होते. पोरगं लागलंही. आणि वर्षाच्या आत राजीनामा देऊन त्याने पाथर्डीत गॅरेज टाकलं. परमनंट नोकरी सोडून जीपखाली झोपणारा मुलगा अण्णांना सोसला नाही. काकू होत्या तोवर दोघांमध्ये निरोप इकडून तिकडे व्हायचे. काकू गेल्या त्या महिन्यात मिलिंद थेट कामावरून, हाताला तेल तसंच, घरी आला आणि अण्णा म्हणाले, "या घरात पेट्रोलचा वास नको." मिलिंद जसा आला तसा गेला. त्याला चार वर्षं झाली होती. पाथर्डी काही सातासमुद्रापार नाही, करंजीचा घाट चढला की आलीच. पण अण्णा बोललं वाक्य परत घेणाऱ्यातले नव्हते आणि मुलगा त्यांचाच होता.

मी एकदा धीर करून विचारलं, "अण्णा, एवढे नातेवाईक केलेत, मिलिंदच्या नावाची एकही बॅटरी नाही?"

अण्णा जरा वेळ वहिनींची टोकं पुसत राहिले. "तो घरचा हाय," म्हणाले. "घरच्याला कशाला पाव्हना करायचा?"

त्या उन्हाळ्यात एक जीपवाला ओट्यावर पाणी प्यायला टेकला आणि त्याने सहज बातमी दिली. पाथर्डीच्या बाजूला एक पाझर तलाव आहे. उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो आणि तळ तव्यासारखा सपाट होतो. तिथे हौशी पोरं जीपा आणि जुन्या मोटारी पळवतात. नाना पहिलवान म्हणून एक म्हातारे सगळी व्यवस्था बघतात. नानांनी जन्मभर बैलांच्या शर्यती घेतल्या, त्यामुळे मोटारींनाही त्यांनी बैलांचेच नियम लावले होते. गाड्या जोडीजोडीने सोडायच्या, पांढऱ्या चुन्याच्या, फक्कीच्या रेघेवरून दोन फेऱ्या मारायच्या. आणि शेवटी, हरलेल्याने जिंकलेल्याच्या कपाळाला स्वतःच्या हाताने गुलाल लावायचा. मैदानातली खुन्नस मैदानातच मिटली पाहिजे, घरी न्यायची नाही, असा नानांचा दंडक.

"आन् मिलिंद साळवे असतोय दर साली," जीपवाला म्हणाला. "त्याची जीप कुनाला आवरत न्हाई."

अण्णांनी त्याला आणखी एक तांब्या पाणी दिलं. जीपवाला गेल्यावर मला म्हणाले, "पोस्टमास्तर, रजा टाका."

"त्याला हरवायचंय?"

"हरवायचं कशाला?" अण्णा फळीवरच्या बॅटऱ्यांकडे बघत म्हणाले. "मी हारलो तर मी त्याला गुलाल लावनार. तो हारला तर तो मला. कसं बी झालं तरी समोर उभं ऱ्हावं लागतंय का न्हाई? हात लागतोय का न्हाई?"

मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

गाडी स्वतःच्या पायांनी पाथर्डीपर्यंत जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा एका टेम्पोत चढवून ती न्यावी लागली. डिझेलचा टेम्पो करंजीच्या घाटात काळा धूर ओकत होता आणि त्याच्या पाठीवर अण्णांची गप गाडी दोरखंडांनी बांधलेली. अण्णा केबिनमध्ये माझ्या शेजारी नाकाला रुमाल लावून बसले होते. "ही जाळपोळ आजच्या दिवस चालवून घेऊ," म्हणाले. अंगात नवा सदरा होता. दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीला कापलं होतं.

तलावावर जत्रा भरली होती. भेळेच्या गाड्या, हलगी, काठावर बाभळीच्या सावलीला माणसंच माणसं, आणि एका बैलगाडीवर कर्णा लावून माईकवर बोलणारा निवेदक. आमची गाडी तपासायला नाना पहिलवान स्वतः आले. बॉनेट उघडलं, आत वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले.

"यात इंजिनच न्हाई," नाना म्हणाले.

"न्हाईच," अण्णा म्हणाले.

"मंग पळनार कशावर?"

"पाव्हन्यांवर," अण्णा म्हणाले. घाईघाईने मी खुलासा केला. निवेदकाला तेवढं पुरे झालं. "मंडळी! नगरहून गाडी आलीया, गाडीला इंजिन न्हाई! बैल बी न्हाईत! तरी मालक म्हन्तोय पळनार! जोड कुनासंगं द्यायची, सांगा!"

"मिलिंद साळवेसंगं," अण्णा म्हणाले. नानांनी अण्णांच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं. आडनाव विचारलं. आणि मग पुढे एकही प्रश्न न विचारता म्हणाले, "दिली."

मिलिंदला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. अण्णांचंच नाक, अण्णांचीच मान. जीप रेघेवर आणून लावली, शेजारच्या गाडीत कोण आहे ते दिसलं आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. दोघांमध्ये फार तर हातभर अंतर. अण्णाही समोर बघत होते. पाहुण्यांवर लक्ष ठेवायला म्हणून अण्णांनी मला शेजारी बसवलं होतं. मला मेलं दोन्हीकडे बघायची चोरी.

जीपचा सायलेन्सर काढलेला होता. ती अशी गर्जत होती की माझी छाती हादरत होती. झेंडेवाला झेंडा वर धरून तयार, पण टाकेना. तो आमच्याकडे बघत होता. बैल फुरफुरायला लागल्याशिवाय झेंडा टाकायचा नाही ही त्याची जुनी सवय, आणि आमचा बैल मुळी श्वासच घेत नव्हता. तेवढ्यात काठावरची चारपाच दयाळू माणसं धावत आली आणि मागून गाडी ढकलायला लागली.

"ढकलू नका रं, चालू हाय!" अण्णा ओरडले.

"आवाज कुठाय मंग?"

"आवाज करत न्हाई ती!"

"आवो बंद पडलीया तुमची, लाजू नका!"

शेवटी अण्णांनी दिवे लावून, वायपर फिरवून दाखवले. झेंडेवाल्याचं त्याने समाधान झालं नाही, पण नाना लांबून ओरडले, "टाक झेंडा!" आणि झेंडा पडला. अण्णांनी तिन्ही खटके एकदम पुढे सारले. गाडीने अशी उडी घेतली की माझं डोकं मागे आपटलं आणि मागचे सगळे दयाळू पुरुष तोंडावर धुळीत पडले. जीपची चाकं अजून जागच्या जागी माती उडवत होती. पहिल्या वळणाला आम्ही पुढे होतो. निवेदक माईकवर चाचरला. "आरं... आरं, ही गेली की!"

गाडीत नेहमीसारखी शांतता. डिकीत आत्या आणि वहिनी एकमेकींवर आपटत होत्या तेवढंच. पेट्रोलच्या गाडीत बसलेल्याला स्वतःच्या इंजिनाखेरीज काही ऐकू येत नाही. आम्हाला मात्र मागच्या जीपचा आवाज अगदी जवळ बसून कुणी बोलावं तसा येत होता. अण्णांनी मान किंचित कलती केली होती. रस्त्याकडे डोळे, आणि सगळा जीव कानात.

"ऐकताय न्हवं?" ते म्हणाले.

"काय?"

"मिलिंद हाय."

दुसरी फेरी लागली. आमचा वेग एव्हाना बेताचा झाला होता. ती जीप मनात आणती तर कधीच पुढे गेली असती. सरळ पट्ट्यात तर रस्ता मोकळा होता. पण ती येत नव्हती. आमची धूळ खात, आमच्या मागे मागेच राहिली होती. "जोर हाय गाडीत," अण्णा हळूच म्हणाले. "वलांडत न्हाई मुद्दाम." आणि थोड्या वेळाने, "तापलीय. पानी कमी हाय. ल्हानपनापास्नं असंच. खेळाय गेला की पानी प्यायचं भानच न्हाई."

ते जीपबद्दल बोलत होते की मुलाबद्दल, मी विचारलं नाही.

शेवटचं वळण घेतलं. फक्कीची रेघ समोर दिसत होती. रेघेपाशी नाना, नानांच्या हातात गुलालाचं ताट. काठावरची माणसं नाचायला लागली होती. आणि मागचा आवाज एकाएकी अडखळला, खोकल्यासारखा, आणि थांबला. अण्णांनी खटके मागे ओढले.

"अण्णा, रेघ समोर आहे!" मी ओरडलो. "जिंकलो आपण! गुलाल!"

"बंद पडली त्याची," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी गाडी वळवली. सगळ्या तलावाच्या देखत, रेघेकडे पाठ करून.

जीपच्या बॉनेटमधून वाफेचा लोट निघत होता. मिलिंद हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरशी झटत होता. अण्णा गाडीतून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन उतरले. मला त्यातला थेंबही कधी हात लावू दिला नव्हता त्यांनी. कॅन घेऊन ते थेट वाफेत शिरायला लागले, तसा मिलिंदने आडवा हात घातला.

"लांब व्हा अण्णा. भाजंल."

अण्णा जागच्या जागी थांबले. कॅन छातीशी धरून उभे राहिले. इंजिन गार होईपर्यंत तिघंही तसेच उभे होतो. पाणी घातलं तरी जीप काही उठली नाही. तेव्हा अण्णांनी डिकीतून दोर काढला. दोर मी ओळखला. तो माझा होता. वडिलांनी राजूरच्या बाजारातून घेऊन दिलेला जाड नायलॉनचा दोर, अंगणात मी त्यावर कपडे वाळत घालायचो. सकाळी अण्णांनी न विचारता सोडून आणला होता. त्याने जीप अँबॅसिडरला बांधली, आणि साडूने त्या दिवशी काय मनावर घेतलं कुणास ठाऊक, आमची गाडी ती जीप ओढत ओढत रेघेपलीकडे घेऊन गेली.

आता वाद लागला. जिंकलं कोण? कुणी म्हणे नगरची गाडी, कुणी म्हणे ती तर माघारी फिरली होती. नानांनी हात वर केला आणि निकाल दिला. "एका दोराला बांधल्यात. एका दावणीच्या बैलांत हार न्हाई न् जीत न्हाई. जोड बाद." आणि ते गुलालाचं ताट घेऊन पुढच्या जोडीकडे निघून गेले. अण्णा त्या ताटाकडे बघत राहिले. मला रडू आलं असतं, खोटं कशाला सांगू. एवढ्याचसाठी तर आलो होतो.

मिलिंदने गाठ सोडली. दोराची नीट वेटोळी केली, धूळ झटकली आणि अण्णांपुढे धरली. "दोर तुमचा."

अण्णांनी हात पुढे केला नाही. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं," म्हणाले. "अजून गॅरेजपतुर वढून न्यायचीय जीप. सवडीनं आनून दे. घरी."

मिलिंदने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला समजलं नाही. दोर खांद्यावर टाकून तो जीप ढकलायला माणसं गोळा करायला गेला.

परतीच्या टेम्पोत अण्णांनी नाकाला रुमाल लावला नाही. घाट उतरताना एकदाच बोलले. "भाजंल, म्हनला."

त्यानंतर मी कपडे खिडकीच्या गजांवर, खुर्चीच्या पाठीवर, जागा मिळेल तिथे वाळत घालायला लागलो. एकदा बाजारातून नवा दोर आणायला निघालो, तर अण्णांनी ओट्यावरून हटकलं. "कशाला? येईल की तो. तुमचा दोर हाय त्याच्याकडं." मी माघारी फिरलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कुणाच्या फाटकाची कडी वाजली की अण्णा उठून बघायचे. मी काही दोर आणला नाही. तो विकत घेणं म्हणजे अण्णांना तोंडावर सांगणं होतं की आता कुणी येत नाही, आणि ते माझ्याच्याने झालं नाही.

माझी राजूरला बदली झाली तेव्हा माझे दोन सदरे अण्णांच्या गाडीच्या बॉनेटवर वाळत होते. ते घड्या करून त्यांनीच आणून दिले.

"दोर आला की तुमच्याकडेच ठेवा, अण्णा," मी म्हटलं.

"वा! दुसऱ्याची वस्तू ठिवून कशी घ्यायची?" अण्णा रागावले. "आमी दोघं येऊ की राजूरला घिऊन. ह्या गाडीतनं."

राजूर किती लांब, आणि वाटेत किती गावांत थांबून आत्याला आणि मामीला चार्ज करावं लागेल, हा हिशेब मला येत होता आणि त्यांनाही येत होता.

"या," मी म्हटलं. "दोघं या. तोवर मी नवा दोर घेत नाही."